प्रेत हेतू सांगत नाही

२०१८ च्या उन्हाळ्यात मालेगाव भागातल्या मोबाइलांवर एक चित्र फिरत होते. कापडात गुंडाळून ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचे. मुले पळवणाऱ्या टोळीने ही मुले मारली, असे ते चित्र पुढे पाठवणारे सांगत होते. प्रत्यक्षात ती सीरियातल्या घूता भागात २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुले होती. मालेगावपासून धुळे तासाभराच्या वाटेवर. त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुले पळवायला आलेली टोळी हीच, असा संशय जमावाने घेतला आणि संशयालाच निकाल मानले. राईनपाड्याची चर्चा बहुतेक वेळा अफवा आणि व्हॉट्सअॅप एवढ्यावर थांबते. पण ही अफवा ज्याच्या आधाराने उभी राहते ते अधिक जुने आहे. मृतदेह कसा दिसतो यावरून तो कोणी आणि कशासाठी तसा केला हे आपल्याला कळते, असा आपला पक्का समज असतो. मुलांची प्रेते दिसली की टोळी, प्रेताला काळीज-किडनी नसल्याचे कानावर आले की अवयवांचा धंदा, ओठ-कान नसले की नरबळी, तुकडे झाले की विकृत राक्षस. हा समज जवळजवळ सर्व बाजूंनी चुकीचा आहे, आणि न्यायवैद्यक संशोधनाने तो चुकीचा असल्याचे पुष्कळ पुरावे गोळा केले आहेत.

पहिला पुरावा तर खून झालाच आहे असे न मानता पाहावा लागतो. खानदेशात बेवारस प्रेत मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तापी, गिरणा, पांझरा यांची पात्रे, पाटचाऱ्या, पडक्या विहिरी, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा, आणि रेल्वेचे रूळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा उघड्यावरचे प्रेत एका दिवसात फुगू लागते आणि दोन-तीन दिवसांत ओळखू येईनासे होते. उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढे कुजते तेवढे पाण्यात दोन आठवड्यांत आणि जमिनीखाली आठ आठवड्यांत कुजते, असा ठोकताळा एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या योहान कास्पर यांनी सांगितला. तो अजून शिकवला जातो आणि तो ठोकताळाच आहे, हेही शिकवले जाते. पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या देहाचे पंजे, पावले आणि शेवटी डोके सांध्यांपाशी आपोआप सुटते. कोणी कापायची गरज नसते. मासे, कासवे, उंदीर, मुंग्या, कुत्री, कोल्हे आधी मऊ भाग खातात. पापण्या, ओठ, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गुप्तांग. भगताने किंवा मांत्रिकाने काढून नेले असे गावात ज्या अवयवांबद्दल बोलले जाते ते नेमके हेच. न्यायवैद्यक डॉक्टर त्या जागेच्या कडा पाहतो. धारदार पात्याने कापलेली कड सरळ असते, कुरतडलेली कड दातेरी असते, आणि मृत्यूनंतर खाल्लेल्या जागी ऊतींत रक्त साकळलेले नसते. शवविच्छेदनाच्या टेबलावर या गोष्टी तासाभरात कळू शकतात. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या गर्दीला त्या कळत नाहीत, आणि गर्दीच्या तोंडून निघालेली बातमी तोवर तालुक्याला पोचलेली असते.

भुसावळ हे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक. रुळांवर छिन्नविच्छिन्न झालेला देह तिथल्या रेल्वे पोलिसांना नवीन नाही. असा देह पाहून तीन वेगळ्या गोष्टी संभवतात. अपघात, आत्महत्या, किंवा आधी खून करून प्रेत रुळांवर आणून टाकणे. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. फरक पडतो तो जिवंत शरीर जखमेला जे उत्तर देते त्यावरून. रक्त ऊतींत झिरपते, जखमेच्या कडा ओढल्या जातात, सूज येऊ लागते. मृत शरीर असे उत्तर देत नाही. चाकाखाली गेलेल्या जागी ही लक्षणे नाहीत आणि गळ्यावर मात्र आहेत, तर तपासाची दिशा तिथेच बदलते. जखम काय झाले, कधी झाले आणि कशाने झाले एवढे सांगते. बरेचदा तेवढेही अपुरेच. कशासाठी झाले हे सांगायला तिच्यापाशी भाषाच नसते.

आता खून झालाच आहे आणि माणसानेच देहाचे तुकडे केले आहेत, असे प्रसंग घेऊ. यावर युरोपात बरीच वर्षे पद्धतशीर नोंदी झाल्या आहेत. हॅम्बुर्गचे न्यायवैद्यक तज्ज्ञ क्लाउस प्युशेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ साली अशा प्रकरणांची हेतूनुसार मांडणी केली, ती आजही वापरात आहे. एक बचावासाठी केलेले तुकडे, म्हणजे प्रेत हलवता, लपवता यावे किंवा ओळख पटू नये म्हणून. दुसरे संतापाच्या भरात. तिसरे असे की शरीराची मोडतोड हाच गुन्ह्याचा उद्देश असतो, बहुधा लैंगिक विकृतीतून. चौथे अत्यंत दुर्मीळ, मृताच्या शरीराचा भाग स्वतःजवळ ठेवण्याच्या ओढीतून, जिथे मारणारा वेगळाही असू शकतो. स्वीडनमध्ये योवान राय्स आणि सहकाऱ्यांनी १९६१ ते १९९० या तीस वर्षांतली अशी सगळी प्रकरणे काढली तर ती २२ भरली. त्यांतली १० बचावासाठी, ४ संतापातून, ७ तिसऱ्या प्रकारची आणि १ चौथ्या प्रकारचे. पोलंडमध्ये क्राकूच्या न्यायवैद्यक विभागाने १९६८ ते २००५ या काळातल्या २३ प्रकरणांचा अभ्यास केला, तिथेही बचावाचाच हेतू बहुसंख्य होता. स्वीडनच्या अभ्यासात एक बारीक पण बोलका तपशील आहे. करणाऱ्यांपैकी काहींचा पेशा खाटीक, डॉक्टर, पशुवैद्यकाचा मदतनीस, शिकारी असा होता. एखादे अवघड काम अंगावर पडले की माणूस हातातल्या कसबाकडे वळतो, तसेच हे. तुकडे सफाईने झालेले दिसले तर त्यातून हाताची सवय कळते. मनातले क्रौर्य त्यावरून मोजता येत नाही.

बचावासाठी, या शब्दात जेवढे दडले आहे तेवढे आपण वाचत नाही. प्रेत लपवण्याची गरज कोणाला असते? अनोळखी माणूस मारतो आणि निघून जातो. मागे उरलेल्या प्रेताशी त्याला जोडणारा धागाच नसतो. गरज असते ती ज्याच्या घरात, दुकानात, शेतातल्या खोलीत प्रेत पडलेले आहे त्याला. मृताची ओळख पटली की शोध ज्याच्या दारात येईल त्याला. म्हणजे नवरा, प्रेयसी, भाऊ, भागीदार, शेजारी. जे कृत्य पाहून गावाला वाटते की हे आपल्यातल्या कोणाचे काम नव्हे, ते बहुतेक वेळा अगदी आपल्यातल्याच कोणाचे असते. अशा माणसाने खुनाची योजना आखलेली असतेच असेही नाही. पुष्कळदा आधी भांडण, मग मृत्यू, मग भीती, आणि भीतीतून पुढचे सगळे. २००८ साली मुंबईत मालाडला झालेल्या नीरज ग्रोव्हर प्रकरणात देहाचे तुकडे करून ते मनोरच्या जंगलात जाळले गेले होते. देश हादरला होता. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीला खुनासाठी नव्हे, तर सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच्या साथीदार स्त्रीला पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षांची. अनेकांना हा निकाल पचला नाही. पण न्यायालयाने एक आवश्यक भेद केला होता. मृत्यू ज्या क्षणी घडला त्या क्षणीचे मन आणि नंतर पुरावा मिटवतानाचे मन, ही दोन मने आहेत, आणि दुसऱ्याच्या भयानकतेवरून पहिल्याचे माप काढता येत नाही.

मग विकृत राक्षसाचे काय? फिनलंडमध्ये हेलिना हाक्कानेन-न्युहोल्म आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २००४ या काळात खुनासाठी दोषी ठरलेल्या आणि मानसिक तपासणी झालेल्या ६७६ गुन्हेगारांचे अहवाल तपासले. मृतदेहाची मोडतोड झालेले खून निघाले १३, म्हणजे सुमारे दोन टक्के. या गुन्हेगारांत लहानपणी शाळेत मागे पडणे, तेव्हापासूनचे मानसिक त्रास, मनोरुग्णालयात राहणे, स्वतःला इजा करून घेणे आणि स्किझोफ्रेनिया हे इतर खुन्यांपेक्षा अधिक आढळले. पण ज्याला इंग्रजी सिनेमा सायकोपॅथ म्हणून रंगवतो, तो भावनाशून्य, धूर्त स्वभाव आणि अशी मोडतोड यांचा लक्षणीय संबंध सापडला नाही. दारू-नशेशीही सापडला नाही. याचा उलटा अर्थ काढू नये. स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुसंख्य माणसांनी कोणावर कधी हात उचललेला नसतो. या आकड्यांतून निघते ते एवढेच की आपण डोक्यात घेऊन फिरतो तो थंड डोक्याचा राक्षस आकड्यांत दिसत नाही. दिसतो तो कधी घाबरलेला परिचित, आणि कधी वर्षानुवर्षे मानसिक त्रासात राहिलेला आजारी माणूस.

यावर पहिला आक्षेप महाराष्ट्राच्या इतिहासातूनच येतो, आणि तो साधा नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले, बळींत प्रामुख्याने मुली आणि स्त्रिया. पिंपळाखालचे गुप्तधन, त्यावर राखण करणारा मुंजा आणि त्याला हवे असलेले रक्त, असा हेतू फिर्यादी पक्षाने मांडला. गावात नरबळीची कुजबूज होती आणि या वेळी ती खोटी नव्हती. मग लोकांच्या संशयाला वेडगळ कसे म्हणायचे? म्हणू नयेच. पण मानवतमध्ये हा हेतू कसा पुढे आला ते पाहावे. तो जखमांवरून ठरला नाही. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी चिकाटीने केलेल्या तपासातून, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आणि त्या जबान्यांना आधार देणाऱ्या वेगळ्या पुराव्यातून तो उभा करावा लागला. तरीही कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप होता ते शेवटी निर्दोष सुटले. काहींचा दोष मात्र १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. ज्या प्रकरणात अघोरी हेतू खरा होता तिथेही कोणाच्या मनात तो होता हे ठरवणे इतके कठीण गेले. मग नदीकाठी उभे राहून तासाभरात ते कसे ठरणार? नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा आपला कायदा याचसाठी मोलाचा आहे. तो कृत्याला हात घालतो, भगत-मांत्रिकाच्या धंद्याला हात घालतो. सातपुड्याच्या पायथ्याशी डाकीण ठरवून बायांना मारहाण करणाऱ्यांनाही तो गुन्हेगार ठरवतो. संशयाने पेटलेल्या गर्दीला मात्र तो कोणताही अधिकार देत नाही.

अवयवचोरीच्या भीतीला उत्तर सोपे आहे आणि ते पुन्हापुन्हा द्यायला हवे. प्रत्यारोपणाला शस्त्रक्रियागृह लागते, रक्तगट आणि ऊतींची जुळणी लागते, अवयव काढण्यापूर्वी जवळजवळ शेवटच्या क्षणापर्यंत त्यात रक्त खेळते राहावे लागते. थंड ठेवलेली किडनी दीड दिवसाच्या आसपास टिकते, हृदय काही तासच. पाटचारीत सापडलेल्या देहातून कोणाचा जीव वाचवणारा अवयव निघू शकत नाही. किडन्यांचा काळा बाजार भारतात आहे हे खरे. पण तो चालतो तो कर्जात बुडालेल्या जिवंत माणसांच्या सह्या घेऊन, इस्पितळांच्या भिंतीआड. गावात आलेल्या भिक्षेकऱ्याच्या झोळीत तो नसतो.

दुसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे, कारण तो सर्वोच्च न्यायालयाच्याच शब्दांतून निघतो. १९८३ च्या माच्छी सिंग निकालात फाशीला पात्र ठरणारे प्रसंग सांगताना न्यायालयाने, मृताचे शरीर तुकडे तुकडे करणे किंवा सैतानी पद्धतीने त्याचे अवयव तोडणे, हा प्रकार स्पष्टपणे नोंदवला. म्हणजे देहाच्या अवस्थेवरून गुन्हेगाराचे मन वाचायला खुद्द कायद्याने परवानगी दिली, असे कोणी म्हणेल. पण त्याच न्यायालयाने तीस वर्षांनी काय केले ते पाहावे. १९९५ चे दिल्लीतले तंदूर हत्याकांड घराघरांत ठाऊक होते. नवऱ्याने बायकोचे तुकडे करून तंदुरात जाळले, ही त्याची सर्वमान्य कथा. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्या. रंजना देसाई यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. तेव्हा नोंदवले की देह कापला गेला असे वैद्यकीय पुराव्यातून सिद्ध होत नाही, दुसऱ्या शवविच्छेदनाच्या अहवालानुसार अवयव सांध्यांतून सुटणे जळण्यामुळेही घडू शकते. खून सिद्ध होता. निर्घृणता कोणी नाकारली नाही. पण अठरा वर्षे सगळ्या देशाने ज्या तपशिलावरून त्या माणसाचे मन ठरवले होते, तो तपशीलच वैद्यकीय पुराव्यात उभा राहत नव्हता. जळलेल्या देहाचे सांधे सुटतात हे न्यायवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. कोणाला फास द्यायचा हा निर्णय या माहितीवर अवलंबून असेल, तर ती नीट गोळा करण्यात कसूर करणे ही साधी ढिलाई राहत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांकडून येऊ शकतो. स्वीडन, फिनलंड, पोलंड हे थंड देश, नोंदी चोख ठेवणारे, जातीविना जगणारे. बावीस आणि तेरा प्रकरणांचे आकडे घेऊन खानदेशाबद्दल काय बोलता? हा आक्षेप निम्मा मान्य करायला हवा. आकडे लहान आहेत. फिनलंडच्या अभ्यासात मानसिक तपासणी झालेलेच गुन्हेगार होते. ज्यांनी प्रेत इतके नीट लपवले की ते सापडलेच नाही, ते कोणत्याच अभ्यासात येत नाहीत. आणि प्युशेल यांच्या त्या चार हेतूंच्या खणांत आपल्याकडची एक गोष्ट पुरेशी बसत नाही. मराठीत बेइज्जत झाली म्हणायला नाक कापले म्हणतात. हा वाक्प्रचार आकाशातून पडलेला नाही. नाक कापणे, केस कापणे, तोंड काळे करणे या शिक्षा या समाजाने स्त्रियांना, बंड करणाऱ्यांना, खालच्या मानलेल्या जातींना दिल्या आहेत. जिथे देहावरची जखम गावाने पाहावी म्हणूनच केलेली असते, तिथे ती लपवण्यासाठीही नसते आणि निव्वळ संतापाचीही नसते. ती पाहणाऱ्यांना दिलेली धमकी असते. तुकडे लपवले आहेत की मांडले आहेत, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, आणि युरोपातल्या मांडणीला आपण घालावी अशी ही भर आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, उलट त्याची निकड वाढवतो. युरोपातले आकडे आपल्याला लागू नसतील तर आपले कुठे आहेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनांच्या हेतूंचा तक्ता असतो. वैर, मालमत्ता, प्रेमसंबंध, हुंडा, जादूटोणा, नरबळीसुद्धा. मृतदेहाचे काय केले गेले याचा रकानाच नाही. म्हणजे हेतू आपण मोजतो, तोही तपास करणाऱ्याने लिहिला तसा, आणि ज्या अवस्थेवरून गाव हेतू ठरवते तिचे मोजमाप मात्र करत नाही.

हे मोजणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, दोन्हींकडे न्यायवैद्यक विभाग आहेत, आणि नाशिकची न्यायसहायक प्रयोगशाळा फार लांब नाही. तापी खोऱ्याच्या उन्हात देह किती दिवसांत कोणत्या अवस्थेला जातो, पाण्यात कोणता सांधा आधी सुटतो, कोणते प्राणी कोणत्या खुणा ठेवतात, याची वीस वर्षांची नोंद याच दोन ठिकाणी तयार होऊ शकते. बर्लिनचा ठोकताळा भुसावळच्या मे महिन्याला किती लागू पडतो हे कळायला दुसरा मार्ग नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे आणि त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तोपर्यंत प्रेतापाशी प्रथम पोचतात ते ठाण्यातला फौजदार आणि आजूबाजूचे लोक.

त्या लोकांसाठीही कायद्यात जागा आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. मरणोत्तर पंचनामा, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि आता नव्या संहितेच्या कलम १९४ खाली, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष करायचा असतो. त्यात मृत्यूचे दिसणारे कारण लिहायचे. जखमा, अस्थिभंग, मुका मार आणि इतर खुणा लिहायच्या. त्या कोणत्या प्रकारे, कोणत्या हत्याराने झाल्यासारख्या दिसतात ते लिहायचे. मग पंचांनी सही करायची. कोणी केले आणि कशासाठी केले, हे त्या कागदावर पंचांना विचारलेले नाही.